अर्ध्या शिवणीवर उचललेला पाय

इनास मास्तरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून हा अंक निघतो आहे, आणि त्यात मी लिहावे असा मंडळींचा आग्रह. मंडळींना मी दोनदा सांगून पाहिले की बाबांनो, माझा हात कात्रीवर चालतो, लेखणीवर नाही. पण ऐकतील तर शपथ. शेवटी मास्तरांच्या घरूनच निरोप आला की केशवने लिहिले तर बरे होईल. निरोप अक्कांचा होता, म्हणजे मास्तरांच्या पत्नी फिलोमिनाबाईंचा. त्यांच्यापुढे माझे काही चालत नाही, हे या शहरातल्या निम्म्या शिंप्यांना ठाऊक आहे. तेव्हा लिहितो. चुकलेमाकले वाचकांनी पोटात घालावे.

मास्तरांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. भांडण अर्थात मी केले, मास्तर भांडत नाहीत. आम्ही चिकपेटेतले नामदेव शिंपी. तीन पिढ्या तिथेच गेल्या. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि रागावलो की दोन्ही. थोरल्या भावाशी माझे पटेना, म्हणून एके दिवशी मी कात्री उचलली आणि दुकानाची पायरी उतरलो. कुणीतरी सांगितले की कँटोन्मेंटात चर्चच्या मागच्या गल्लीत खानापूरकडचे एक किरिस्ताव मास्तर आहेत, पाद्र्यांचे कपडे शिवतात, आणि त्यांना जरीकाम जाणणारा माणूस हवा आहे. सायकल काढली आणि निघालो.

त्या दिवसांतले बंगळूर आठवले की मला सगळे धुक्यातून दिसते. थंडीच्या दिवसांत नऊ-दहा वाजले तरी धुके उठत नसे. मोठमोठ्या झाडांच्या फांद्या रस्त्यावर अशा काही वाकलेल्या असत की सायकल चालवताना आपण कुणाच्या तरी ओसरीतून चाललो आहोत असे वाटे. ती थंडी आता कुठे राहिली? आता डिसेंबरातसुद्धा लोक पंखे लावतात. पण मास्तरांची गल्ली माझ्या डोळ्यांपुढे येते ती त्या जुन्या थंडीसकट, ओल्या मातीच्या आणि इस्त्रीच्या कोळशाच्या वासासकट.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. वर मंगळुरी कौले, आणि मधोमध एक काचेचे कौल. त्या काचेतून उन्हाचा एक झोत खाली उतरे आणि दिवसभर खोलीत हळूहळू सरके. सकाळी तो कापडाच्या ठाणांवर असे, दुपारी मशीनवर, आणि चार वाजता भिंतीवरच्या मरियेच्या तसबिरीवर. झोतात रेशमाचे तंतू तरंगत. मी दारात उभा राहिलो तेव्हा पांढऱ्या सदऱ्यातले एक सडपातळ गृहस्थ गळ्यात टेप घालून मशीनवर एक बाही शिवत होते. मी नाव सांगितले, चिकपेटेचे सांगितले, आमच्या आजोबांनी कुणाकुणाचे अंगरखे शिवले तेही सांगायला लागलो, आणि तेवढ्यात चर्चची घंटा वाजली.

मास्तरांनी पॅडलवरून पाय उचलला. सुई कापडात तशीच. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. आतून हातात पळी घेऊन अक्का आल्या, त्याही उभ्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आणि मी आपला दारात, तोंडातले वाक्य अर्धे. मला असा राग आला म्हणता! घरी आलेल्या माणसाला ‘ये, बस’ म्हणायची रीत नाही का? मी मोठ्याने म्हणालो, “ओ मास्तर, ऐकताय ना?” काही नाही. घंटा संपली, आणखी थोडा वेळ गेला, मग त्यांनी कपाळावर, छातीवर, खांद्यांवर हात लावून क्रूसाची खूण केली आणि अगदी प्रेमाने माझ्याकडे पाहिले.

मी तेव्हाही गप्प बसलो नाही. म्हणालो, चार बोटे शिवण राहिली होती, तेवढी तरी संपवायची होती, अशी मधेच टाकली तर कापडाला चुणी पडते, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळते. मास्तर म्हणाले, “बोलावणं आलं की उठायचं असतं हो. चार बोटं संपवून येतो म्हटलं, की ती चार बोटं कधी संपत नाहीत.” मग त्यांनी मला बसायला स्टूल दिले आणि अक्कांनी कॉफी. चुणी पडली होती का ते मी नंतर मुद्दाम वाकून पाहिले. पडली नव्हती. त्याच दिवशी मी कामाला लागलो आणि पुढे बारा वर्षे तिथेच होतो.

ती घंटा कसली, हे मला हळूहळू समजले. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ती वाजते. देवदूताने मरियेला निरोप आणला आणि तिने होकार दिला, त्याची ती आठवण. मास्तरांना ही गोष्ट फार प्रिय. एकदा काजे करता करता ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले की निरोप आला तेव्हा ती काय करत असेल? कणीक मळत असेल, नाहीतर पाणी भरत असेल. कणीक तशीच टाकली असेल तिने. हात पिठाचेच असतील. हे सांगताना त्यांची नजर काचेच्या कौलाकडे होती, आणि मला खरेच वाटले की त्या झोतात कुणीतरी पिठाच्या हातांनी उभे आहे. मी विठ्ठलाचा माणूस, पण ते चित्र माझ्या मनातून कधी गेले नाही.

देवाची आज्ञा म्हटले की आपल्याला काहीतरी मोठे वाटते. घर सोडा, रान गाठा, असे. मास्तरांचे तसे नव्हते. त्यांच्या लेखी देवाची आज्ञा म्हणजे समोर आलेले काम. रोज सकाळी दुकान उघडले की ते वहीत पाहत आणि म्हणत, “आज देवानं काय सांगितलंय? सहा काजं आणि दोन कॉलर.” मी चेष्टेने म्हणायचो की मास्तर, तुमचा देव मुकादम दिसतो. ते हसून म्हणायचे, मुकादम खराच, पण आपल्याआधी कामावर आलेला असतो. एखाद्या गिऱ्हाइकाला कपडा शनिवारी देतो म्हटले की शनिवारी तो तयार असे. नसला तर मास्तर स्वतः त्याच्या घरी जाऊन चूक कबूल करीत. एका ननबाईंचा झगा मी दोन बोटे आखूड कापला होता. मी म्हणालो, धुतल्यावर आटला म्हणून सांगू. मास्तरांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. छत्री घेतली, कॉन्व्हेंटात गेले, आणि ‘माझ्या दुकानात चूक झाली’ एवढे सांगून आले. माझे नावसुद्धा घेतले नाही. मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

त्यांचा दयाळूपणाही असाच, गाजावाजा नसलेला. भावाशी मी बोलत नाही हे त्यांना माहीत होते. त्यावर त्यांनी कधी उपदेश केला नाही. फक्त दर शनिवारी मला जर, म्हणजे भरतकामाची सोनेरी तार, आणायला चिकपेटेत पाठवायला लागले, आणि तीही नेमकी आमच्या दुकानासमोरच्याच दुकानातून. मी म्हणायचो, ही तार शेजारच्या गल्लीत चांगली मिळते. ते म्हणायचे, “असू दे की, हीच आण.” वर्षभर मी दर शनिवारी भावाकडे पाठ करून जर तोलून घेत होतो. एका शनिवारी मागून भावाचा आवाज आला, “केशवा, कॉफी पिऊन जा. स्वल्पच आहे, पण आहे.” मी गेलो. परत आल्यावर मास्तरांना सांगितले, तर ते म्हणाले, बरं झालं, आणि मला दोरा ओवायला लावले. आजपर्यंत त्यांनी ते मुद्दाम केले होते असे कबूल केलेले नाही. अक्का मात्र हसतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगावी की नाही, याचा मी फार विचार केला. मास्तरांना आवडणार नाही. पण तिच्यावाचून मास्तर कोण आहेत हे कुणाला कळणार नाही, म्हणून सांगतो.

मास्तरांच्या चर्चला पन्नास वर्षे होणार होती. त्याला चार-पाच वर्षे अवकाश होता तेव्हाच मास्तरांनी मनाशी ठरवले की त्या दिवसासाठी मिस्साचा एक झगा आपण स्वतः भरून द्यायचा. मिस्सा म्हणजे त्यांची मुख्य उपासना. तेव्हा फादर सगळ्या कपड्यांवरून एक मोठा रेशमी झगा घालतात. आणि त्या काळी फादर मिस्सा करताना वेदीकडे तोंड करून उभे राहत, लोकांकडे त्यांची पाठ असे. त्यामुळे अशा झग्याचे सगळे वैभव पाठीवर. पुढची बाजू साधी, पाठीवर जर. तासभर लोक त्या पाठीकडेच पाहत असतात ना.

खानापूरच्या चर्चमध्ये एक फार जुना झगा होता. लहानपणी मिस्साला बसले की मास्तर त्याच्या पाठीवरच्या वेलीत हरवून जात. लॅटिन कळत नसे, पण वेल कळत असे. कुठून निघाली, कुठे वळली, टाका कसा घातला. ते म्हणत, मी शिंपी झालो तो त्या पाठीमुळे. आपणही अशी एक पाठ करून जावी, कुणाच्या तरी लेकराने तिच्यात हरवून जावे, एवढीच त्यांची आयुष्यातली हौस. दुसरी हौस मी पाहिली नाही.

घाईचे कारण आणखी एक होते. ते त्यांनी अक्कांना सांगितले होते, आणि मला पुष्कळ नंतर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते की आतल्या पडद्याचा आजार आहे, उपाय नाही, बारीक काम आणखी चार-पाच वर्षे होईल, मग नाही. म्हणजे डोळ्यांत एवढेच काम उरले होते, आणि ते कुठे खर्चायचे हे त्यांनी ठरवले होते.

रोज दुपारी जेवणानंतर झोत मशीनशेजारच्या भरतकामाच्या चौकटीवर आला की आम्ही दोघे बसत असू. शुभ्र रेशीम. मधे सोन्याचा क्रूस, त्याच्या भोवती द्राक्षाची वेल आणि गव्हाच्या ओंब्या. त्या तासात आम्ही फारसे बोलत नसू. बाहेर जटक्याच्या घोड्याच्या टापा वाजत, कुणीतरी फुले विकत जाई, आतून अक्कांच्या फोडणीचा वास येई, आणि चौकटीवर वेल बोटबोट वाढत असे. मला तर कधी कधी वाटे की आम्ही भरत नाही आहोत, ती आतून उगवते आहे आणि आम्ही तिला फक्त वाट करून देतो आहोत. तसे तास पुन्हा माझ्या वाट्याला आले नाहीत.

एकदा मास्तर आठवडाभर तापाने पडले. मी मोठ्या हौसेने डाव्या कोपऱ्यातल्या पाच ओंब्या एकट्याने भरून काढल्या. ताप उतरल्यावर मास्तर आले, चौकटीवर वाकले, आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी आपला खुळ्यासारखा उभा. मग त्यांनी विचारले, “केशवा, गव्हाचं शेत कधी बघितलंयस?” कुठले बघणार? माझा मामा येलहंक्याचा. सुट्टीत तिथे जायचो, आणि तिथे जिकडे तिकडे नाचणी. मी पाच ओंब्या म्हणून पाच नाचणीची कणसे भरली होती, बोटे मुडपलेल्या मुठीसारखी, अगदी हुबेहूब! मी भांडलो. म्हणालो, नाचणीही देवानेच केली, इथे तुम्ही-आम्ही सगळे तिचेच उकडलेले गोळे, मुद्दे, खातो. मास्तर म्हणाले, खरे आहे, पण मिस्सातली पवित्र भाकर गव्हाचीच असते, तशी आज्ञा आहे, ती बदलणे आपल्या हातात नाही. आणि चार कणसे त्यांनी टाका टाका करून उसवली. पाचव्यापाशी थांबले. दुसऱ्या दिवशी फादर आले तेव्हा त्यांना दाखवून त्यांनी विचारले, हे एक राहू दिले तर चालेल का? फादर चष्मा लावून वाकले, हसले, आणि चालेल म्हणाले. ते कणीस द्राक्षाच्या पानाआड अजून आहे.

कामाला चार वर्षे झाली. वेल पूर्ण झाली होती, दोन ओंब्या आणि काठ राहिला होता. एके दिवशी सकाळी फादर आले. नेहमीसारखे चौकटीकडे गेले नाहीत, स्टुलावर बसले. रोमहून नवी आज्ञा आली आहे, म्हणाले. यापुढे मिस्सा लोकांच्या भाषेत होईल. वेदी भिंतीपासून पुढे घेणार, आणि फादर लोकांकडे तोंड करून उभे राहतील. पन्नास वर्षांच्या सणाच्या आतच हे सगळे होईल. मग हळूच विचारले, मास्तर, पुढच्या बाजूला काही भरता येईल का?

त्यांना डोळ्यांचे माहीत नव्हते. पुढची बाजू म्हणजे पुन्हा चार वर्षे, आणि डोळ्यांत वर्षभराचेही काम उरले नव्हते. मी मास्तरांकडे पाहिले. ते म्हणाले, “बरं, फादर. पुढं एक पट्टी केशव करील.” एवढेच. डोळ्यांबद्दल ते अक्षर बोलले नाहीत.

फादर गेले आणि मी तोंड सोडले. चार वर्षे! जी पाठ लोकांनी पाहायची ती आता भिंतीकडे! मी म्हणालो, वर अर्ज करा, निदान पन्नास वर्षांच्या त्या एका दिवशी तरी जुन्या पद्धतीने मिस्सा होऊ दे, तुम्ही मागितले तर कुणी नाही म्हणणार नाही. त्या दुपारी झोत चौकटीवर आला आणि निघून गेला, आम्ही बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला घंटा वाजली. माझा पाय सवयीने उचलला गेला. दारात अक्का पळी घेऊन आल्या. आणि मास्तरांचे मशीन चालूच राहिले.

मी इतक्या वर्षांत ते कधी पाहिले नव्हते. घंटा वाजते आहे, आणि मशीनची खडखड तिच्यावरून चालली आहे. मास्तरांची मान खाली. एका पाद्र्याच्या लांब झग्याची बाजूची शिवण होती. घंटा संपली तरी मशीन थांबले नाही, शिवण शेवटापर्यंत गेली, मग त्यांनी दोरा कापला. खोटे कशाला सांगू, मला आतून बरेसुद्धा वाटले. वाटले, चला, मास्तरही माणूसच आहेत.

अक्का दारातून हलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “देवावर रागवायचं तर रागवा. पण उठून उभं राहून रागवा.”

मास्तरांनी ती शिवण हातात घेतली. ब्लेडने तिचा पहिला टाका तोडला, दुसरा तोडला, आणि घंटा वाजत असताना घातलेली सगळी टीप उसवून काढली. कापड नीट घडी करून ठेवले. मग उठून उभे राहिले. घंटा केव्हाच संपली होती. डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, ते त्यांनी पुसले नाही. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. अक्कांची फोडणी करपली, तरी त्याही तिथेच उभ्या. आणि मी, ज्याला त्या प्रार्थनेतला एक शब्द येत नाही, तोही उठून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी झोत चौकटीवर आला तेव्हा मास्तर सुई घेऊन बसले. मला वाटले होते, आता काम असेच सोडून देतील, नाहीतर उरकतील. उलट टाके पूर्वीपेक्षा बारीक. जाड भिंगाचा चष्मा, त्यावर हातातले भिंग. सुया मी ओवून देत होतो, कारण त्यांना भोक दिसत नव्हते. मला राहवले नाही. म्हटले, मास्तर, कुणासाठी हे? कोण बघणार आता?

त्यांनी मला समजावून सांगितले की पवित्र भाकरीची सोनेरी पेटी जुन्या वेदीवर भिंतीशीच राहणार आहे. त्या भाकरीत प्रभू स्वतः असतो असे ते मानतात. तेव्हा फादर लोकांकडे वळले की त्यांची पाठ पेटीकडे होणार. मी म्हणालो, म्हणजे आता तुमचा देव बघणार? मास्तर म्हणाले, “बघतो की नाही, मला काय ठाऊक? पण त्याच्यापुढं कच्चं काम कसं ठेवायचं?” आणि पुढची सुई मागितली.

काम पुरे व्हायला आठ महिने लागले. शेवटची ओंबी भरून झाली, आणि त्यानंतर मास्तरांनी बारीक सुई हातात धरलेली नाही. धरता येत नाही.

पन्नास वर्षांच्या त्या दिवशी मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो होतो. मास्तर आणि अक्का माझ्या पुढच्या बाकावर. सगळीकडे मेणबत्त्या, फुले, उंच खिडक्यांतून निळे-तांबडे ऊन. फादर समोरून आले, समोरूनच गेले वेदीमागे, आणि लोकांकडे तोंड करून उभे राहिले. झगा पांढरा, पुढे माझी ती एक अरुंद पट्टी. शेजारची एक म्हातारी तिच्या सुनेला कुजबुजली की झगा अगदीच साधा आहे नाही? माझ्या जिवाची नुसती काहिली झाली. उठून ओरडावेसे वाटले की बाई, स्वल्प मागे जाऊन बघा.

मिस्सा पुढे सरकत होती. प्रसाद देण्याआधी फादर पेटीतली भाकर आणायला मागे वळले, आणि ती पाठ चर्चभर उघडली. चार वर्षे आणि आठ महिने. वेल, ओंब्या, क्रूस, सगळे एकदम पेटल्यासारखे. लोकांमधून एक श्वास गेला, मला तो ऐकू आला. मी मास्तरांकडे पाहिले. त्यांची मान खाली होती, डोळे मिटलेले. पेटी उघडताना मान खाली घालायची, अशी त्यांची रीत. वाटले, खांद्याला हात लावावा, म्हणावे, मास्तर, बघा, एवढे एकदा बघा. हात पुढे गेलाही होता. मग मी तो मागे घेतला. फादर पेटी बंद करून वळले, आणि पाठ पुन्हा भिंतीकडे गेली.

बाहेर आल्यावर मी मास्तरांना सगळे सांगितले. लोकांनी श्वास कसा घेतला, सोने कसे चमकले. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारले, “नाचणी दिसली काय रे?”

मी म्हणालो, दिसली.

मास्तर, ते खोटे होते. शेवटच्या बाकावरून कुठली दिसणार? हे तुम्हांला आज सांगतो आहे, कारण हा लेख अक्का तुम्हांला वाचून दाखवणार हे मला माहीत आहे, आणि त्या माझी वाक्ये गाळणार नाहीत. तुमच्या दुकानात बारा वर्षे काढून मला एवढे तरी यायला हवे होते.

आता माझे स्वतःचे दुकान जयनगरात आहे. नवी वसाहत, रुंद रस्ते, चर्चची घंटा तिथपर्यंत येत नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो, आणि बारा वाजले की पॅडलवरून पाय उचलतो. सुई कापडात तशीच. गिऱ्हाइके हसतात, विचारतात की शिंपीमामा, करंट गेला का? मी त्यांना सांगत नाही. मला ती प्रार्थना येत नाही, मी फक्त उठून उभा राहतो. कधी विठ्ठल आठवतो, कधी पिठाच्या हातांची ती मुलगी, आणि बहुतेक वेळा मास्तर.

मास्तर अजून रोज दुकानात बसतात. जाड दोऱ्याची कामे बोटांनी चाचपत करतात, बटणे लावतात, धावदोरा घालतात, आणि सकाळी विचारतात की आज देवाने काय सांगितले आहे. आता वही त्यांना अक्का वाचून दाखवतात. सत्कार समितीला माझी एक सूचना आहे. समारंभ सकाळी ठेवला आहे, आणि भाषणे करणारे पुष्कळ आहेत. बाराला घंटा होईल तेव्हा सत्कारमूर्ती उठून उभे राहतील, मग व्यासपीठावर कुणाचे वाक्य कुठेही असो. वक्त्यांनी रागावू नये. मी एकदा रागावून पाहिले आहे.

मास्तरांसाठी मी काय मागावे? डोळे मागितले असते, पण त्यांनी स्वतः ते कधी मागितले नाहीत. म्हणून माझ्या विठोबाकडे आणि त्यांच्या प्रभूकडे मी एवढेच मागतो, की त्यांना आणि अक्कांना आणखी पुष्कळ दुपारी मिळाव्यात, प्रकृती अशीच धडधाकट राहावी, आणि प्रत्येक दुपारी घंटा वाजेल तेव्हा मास्तरांच्या हातातली शिवण चार बोटे राहिलेली असावी.